वखारीवरचं राज्यनीती विद्यालय

५ डिसेंबर १९३७, रविवार
आज विद्यालय सुरू झालं. निपाणी राज्यनीती विद्यालय. इंग्रजीत स्कूल ऑफ पब्लिक पॉलिसी. सबंध इलाख्यात असं दुसरं विद्यालय नाही. याची मी खात्री करून घेतली आहे. बेळगावात दोघांना विचारलं, दोघांनीही नाव ऐकलं नव्हतं.
जागा: चुलतभाऊ पारिसाआप्पाच्या तंबाखूच्या वखारीवरची खोली. बाकं चार. प्रिन्सिपॉल: मी, कलगोंडा मगदूम.
उद्घाटनाचं भाषण पाऊण तास झालं. विषय: राज्य म्हणजे काय. खालून तंबाखूचा खकाणा येतो, त्यामुळे श्रोते सारखे शिंकत होते. टाळ्या नीट ऐकू आल्या नाहीत.

७ डिसेंबर
विद्यार्थी तीन. वखारीत तोलाईला असणारा भरमू, समोरचा शामू शिंपी आणि तंबाखू निवडायला येणारी गुणाबाई. गुणाबाई विधवा आहे, पन्नाशीची. तिला लिहितावाचता येत नाही. प्रवेश द्यावा की नाही यावर अर्धा तास विचार केला. शेवटी ठराव करून दिला.
वर्ग संध्याकाळी सहा ते साडेसात.

९ डिसेंबर
तारामतीला पत्र लिहिलं. ती चिकोडीला भावाकडे हवापालटासाठी गेली आहे. दीड वर्ष झालं. मी बेळगावची कचेरीतली नोकरी सोडली त्याच महिन्यात तिला हवा बदलावीशी वाटली. हा निव्वळ योगायोग.
(नोकरी मी तत्त्वावर सोडली. कारभार कसा सुधारावा यावर चाळीस पानांचं निवेदन साहेबांना दिलं होतं. त्यांनी मला रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं. निवेदनही तिथंच होतं.)
पत्रात विद्यार्थिसंख्या लिहिताना जरा अडलो. तीन विद्यार्थी, दहा विषय, म्हणजे तीस. पुढच्या टर्मला येणारे दहा. चाळीस लिहिलं.

१३ डिसेंबर, सोमवार
दर सोमवारी 'विद्यालयाचे वृत्त' काढून वखारीच्या दाराला चिकटवायचं ठरलं. पहिला अंक:
"विद्यालयाचे कार्य समाधानकारक चालू आहे. गतसप्ताही प्रिन्सिपॉलसाहेबांची पार्लमेंट या विषयावर तीन व्याख्याने झाली. प्रश्नोत्तरे उद्बोधक झाली."
प्रश्न एकच होता. गुणाबाईचा. "मास्तर, आमच्या गल्लीत कंदील न्हाय. पहाटं बाया वखारीला येतात, अंधारात ठेचा खात्यात. त्येचा अर्ज कुटं द्यायचा?"
मी समजावलं की आपण अजून पार्लमेंटवर आहोत. म्युनिसिपालिटी मार्चमध्ये येईल.
अंकाची एक प्रत तारामतीला.

१९ डिसेंबर
तारामतीचं कार्ड. "प्रकृती बरी. लोणच्याची बरणी झाकून ठेवत जा."
विद्यालयाबद्दल काही नाही. भारावून गेली असावी.

२२ डिसेंबर
एक तक्रार नोंदवून ठेवतो. वर्ग साडेसातला संपतो, पण मंडळी उठत नाहीत. शामू खालून चहा आणतो. मग गप्पा. कोण कुठं गेलतं, कुणाची म्हैस व्याली, भरमूच्या मेव्हण्याचं लग्न. पाऊण तास जातो. काल मीही ओढला गेलो आणि कचेरीतल्या एका साहेबाची नक्कल करून दाखवली. भरमू हसून बाकावरून खाली आला. गुणाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मास्तर, ह्ये आदी का न्हाय शिकवलं?"
प्रिन्सिपॉलच्या पदाला हे शोभत नाही. बंद करायला हवं.

२३ डिसेंबर
आज पुन्हा चहा. पुन्हा नक्कल. लोकाग्रहास्तव.

२८ डिसेंबर
विद्यापीठाकडून उत्तर आलं! विद्यालयाला मान्यता द्यावी म्हणून मी नोव्हेंबरात अर्ज केला होता. उत्तर छापील आहे, पण खाली सही शाईची. "आपले पत्र मिळाले."
म्हणजे मिळालं. पहिला टप्पा पार पडला.
मान्यता येणार म्हटल्यावर शिस्त आली पाहिजे. नवीन वर्षापासून नियम: (१) वर्गात अवांतर बोलू नये. (२) चहा बंद. (३) मास्तर म्हणू नये, सर म्हणावे. (४) जानेवारीत परीक्षा.

३ जानेवारी १९३८, सोमवार
नियम वाचून दाखवले. शामू म्हणाला, "आण्णा, च्या तरी ऱ्हाऊ दे की." मी सांगितलं, नियम म्हणजे नियम. वर्ग साडेसातला संपला. मंडळी लगेच गेली.
वेळ खूप वाचला. वाचलेल्या वेळात काय करावं ते सुचेना. बाकं पुसली.

१० जानेवारी
वृत्त, अंक पाचवा: "विद्यालयात शिस्तीचे नवे पर्व सुरू झाले आहे."
शिस्त इतकी आहे की कुणी काही विचारतच नाही.
भरमू जिन्यावर भेटला. म्हणाला, गुणाबाई कंदिलासाठी गल्लीतल्या बायकांचे अंगठे गोळा करतेय, अर्जाचा मजकूर कुणी सांगितला तर बरं होईल. मी म्हटलं, परीक्षा जवळ आलेली असताना ही चळवळ अयोग्य आहे.

१७ जानेवारी
परीक्षा घेतली. प्रश्न एक: राज्याची व्याख्या देऊन तिची चिकित्सा करा. गुणाबाईची तोंडी घेतली. ती म्हणाली, "राज्य म्हंजे ज्येला सांगिटलं तर कंदील लागतो त्ये."
शंभरापैकी नऊ.
भरमूला अकरा. शामूनं कोऱ्या पेपरावर माझ्या कोटाचं माप लिहून ठेवलं होतं. म्हणाला, कोपर फाटलंय, विसरू नये म्हणून लिहिलं. शून्य.
निकाल दाराला चिकटवला. सगळे नापास. कडक निकालानं संस्थेचं नाव होतं.

२० जानेवारी
कुणी आलं नाही. अभ्यासाला बसले असावेत.

२१ जानेवारी
कुणी नाही. सहाला घंटा वाजवली, साडेसातला वाजवली. मधल्या वेळात म्युनिसिपालिटीवरचं व्याख्यान मोठ्यानं म्हणून बघितलं. चांगलं आहे. अर्ज कुठं द्यावा हे पहिल्याच पानावर आहे.

२९ जानेवारी
बाजारात गुणाबाई दिसली. मी पाठ फिरवून वांगी निवडत बसलो. तीच पुढं आली. "मास्तर, अर्ज दिला. पोस्टातल्या बाबूनं लिहून दिला. पंधरा दिसात कंदील लावतो म्हटल्यात. तुमी बरं हाईसा न्हवं? लई वाळलासा."
मी म्हटलं, कामाचा व्याप आहे.
तिनं माझ्या पिशवीतली दोन किडकी वांगी काढून बदलून घेतली आणि गेली.

३१ जानेवारी
वृत्त, अंक आठवा: "विद्यार्थी सध्या प्रत्यक्ष कार्यानुभवासाठी बाहेर आहेत."
हे लिहून झाल्यावर वाटलं, खोटंही नाही.

८ फेब्रुवारी
तारामतीचं कार्ड! "रविवारी दुपारच्या मोटारीनं येते. बोलायचं आहे."
येते म्हणजे परत येते. विद्यालयाच्या वृत्तांचा परिणाम. आठ अंकांनी जे झालं ते दीड वर्षाच्या विनंत्यांनी झालं नाही. (विनंत्या केल्या नव्हत्या. पण करण्याचा विचार होता.)
तिला चाळीस विद्यार्थी दाखवायला हवेत. निदान तीन. रविवारी तीन वाजता वार्षिक संमेलन ठेवतो. तिघांच्या दाराखाली नोटिसा सरकवल्या. आत बोलणं ऐकू येत होतं, पण नोटीस असताना बोलायची गरज नव्हती.

११ फेब्रुवारी
भरमू येऊन गेला. म्हणाला, "आण्णा, आयतवारी दिवस मावळायला गल्लीत कंदील लागणार हाय. दुपारधरनं सगळी तयारीत असत्यात. तुमीच तिकडं या की. गुणाक्का म्हटली, मास्तरला घिऊनच ये."
मी सांगितलं, कार्यक्रमपत्रिका ठरलेली आहे. तो उंबऱ्यापर्यंत गेला. मग म्हणाला, "मर्जी तुमची."

१३ फेब्रुवारी, रविवार
तारामती आली. केस कानाजवळ पांढरे झालेत. हातात फक्त पिशवी. ट्रंक मागून येत असेल.
तिनं आधी घर बघितलं, मग वखारीवर आली. बाकं रिकामी. मी म्हटलं, विद्यार्थी कार्यानुभवासाठी गेलेत. ती म्हणाली, "मोटारीत भरमूची बायको भेटली होती. तिनं सांगितलं सगळं." मग दुसऱ्या बाकावर बसली. म्हणाली, "पण तुम्ही तयारी केली असेल. सांगा काय सांगायचं ते."
मी विद्यालयाची घटना, उद्दिष्टं आणि पंचवार्षिक योजना सांगितली. दीड तास. ती एकदाही शिंकली नाही. पदर नाकाला लावून बसली होती.
मग तिनं पिशवीतून एक पत्र काढलं. सांगलीकडच्या एका श्राविकाश्रमाचं, म्हणजे जैन बायकामुलींच्या आश्रमाचं. मुलींच्या स्वयंपाकघरावर देखरेखीला बाई हवी आहे. राहायचं तिथंच. परवा हजर व्हायचं. ती म्हणाली, "तुम्ही राहा म्हणालात तर मी त्यांना नाही कळवते. आज इथंच राहते. म्हणून विचारायला आले. तुम्हीच सांगा, राहू की जाऊ?"
प्रश्न महत्त्वाचा होता. अशा प्रश्नाला तडकाफडकी उत्तर देणं धोरणात बसत नाही. मी म्हटलं, "दोन्ही बाजू तपासून लेखी कळवतो."
तिनं पत्राची घडी करून पिशवीत ठेवली. मग "बरं" म्हणाली. आमच्या चहाच्या कपबशा तिनं विसळल्या, पालथ्या घातल्या आणि पाचच्या मोटारीनं गेली.
माझ्या संयमाचा तिच्यावर परिणाम झालेला दिसला.
गल्लीकडून हलगी ऐकू येत होती. कंदील लागला असावा.

१४ फेब्रुवारी, सकाळ
उत्तर लिहायला बसलो. राहा एवढंच लिहायचं आहे.

त्याच दिवशी, दुपार
चार पानं झाली. 'राहा' अजून आलेलं नाही. पहिल्या पानावर पार्श्वभूमी, दुसऱ्यावर कचेरीतली हकिकत. तिसऱ्यावर आश्रमाच्या बाजूचे मुद्दे. ते जास्त निघाले.

त्याच दिवशी, संध्याकाळ
सगळं फाडलं. कार्डावर दोन अक्षरं लिहिली. टपाल निघून गेलं होतं.
उद्या स्वतःच जातो.

१५ फेब्रुवारी, मंगळवार
वृत्त काल काढायचं राहिलं. आजही काढलं नाही.
सकाळची पहिली मोटार भरली होती, दुसरी वाटेत बंद पडली. चिकोडीला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. वर्धमानअण्णा, माझे मेव्हणे, सोप्यात पान लावत होते. म्हणाले, "आक्का सकाळीच गेली. मीच बसवून दिली. काल दिवसभर पोस्टमनची वाट बघत होती. तुमाला भेटली न्हाय का परवा?"
भेटली म्हणालो.
कार्ड खिशात होतं. त्यांनी पाणी दिलं. आश्रमात पन्नास मुली आहेत म्हणाले, हिचं मन रमेल. मी म्हटलं, रमेल.
परतीची मोटार सातला. त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हणून मलाही पानावर बसवलं. भाकरी, वांग्याची भाजी, दही. त्यांनी विचारलं, "मग, सध्या काय चाललंय तुमचं?"
मी म्हटलं, "काही नाही."
त्यांनी आत हाक मारून भात आणायला सांगितला.