रनाळ्याचा जपानी गरबा

रनाळे, २ ऑक्टोबर १९६६

ती. सौ. पार्वतीअक्कास,
रंजूचा सा. न. वि. वि.

नंदुरबारच्या तंबूतल्या टॉकीजला जपानात काढलेला हिंदी सिनेमा आला आणि इथल्या पोरींचं डोकंच फिरलं. अंबाड्यात विणकामाच्या सुया खोचून पाण्याला जातात, निघताना एकमेकींना ‘सायोनारा’ म्हणतात. नवरात्रात आम्ही जपानी पोशाखात गरबा करणार. जुन्या साड्यांचे किमोनो आपली जसोदाकाकी शिवतेय. काका गेल्यापासून ती गरब्याच्या चौकात फिरकली नाही, पण मशीनवर बसली की तिचा पाय गरब्याच्याच ठेक्यात चालतो. तूही नाच, असं मी म्हटलं, तर तिने नुसता दातांनी दोरा तोडला.

दाजींना नमस्कार. लोभ घाट उतरून येऊ दे.

तुझी रंजू

धडगाव, ९ ऑक्टोबर १९६६

चि. रंजूस अनेक आशीर्वाद.

सुयांचं वाचून तुझे दाजी कितीतरी वेळ हसत होते. एखादी सुई डोक्यात घुसली, तर जपानी डॉक्टर कुठून आणशील, असं विचारतात.

काकीला मात्र चौकात ओढू नकोस. तुझी हौस एका रात्रीची, बोलणी तिला वर्षभर ऐकावी लागतील. आबा आपले आजोबा, म्हणून आपले लाड झाले. तिचे ते सासरे आहेत.

सगळ्यांना सांभाळ, माझी आठवण असू दे.

तुझी अक्का

रनाळे, २५ ऑक्टोबर १९६६

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं होतं गं. पण अष्टमीला शेजारच्या करणसिंगकाकांची मुलगी तापाने फणफणली आणि आमची एक जोडी मोडली. काकीने आपणहून पावडरचा डबा माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, इतकं पांढरं फास, की माझी मीच ओळखू येऊ नये.

पहिल्या फेरीत ती जपून होती. मग कागदी पंखा असा काही फिरवला, की आम्ही दमलो, ती नाही. ही कोण, असं बाया विचारू लागल्या. धानोऱ्याची पाहुणी, असं मी ठोकून दिलं. आबा समोरच बाजेवर बसून बघत होते.

सकाळी काकीने त्यांना चहा नेऊन दिला. कानामागे पावडर तशीच राहिलेली. आबांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “पुढला साले पावडर नको लावू, जसोदा. तोंड दखावू दे.”

काकी आत येऊन रडली. डोळे पुसता पुसता मला विचारत होती, की पुढच्या वर्षी हिरवी साडी शोभेल का.

तूच कळव. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी रंजू