काचेकडची बाजू

५ ऑक्टोबर, सोमवार

आज तिसरा दिवस. बाबा बोलत नाहीत!

शुक्रवारी जेवताना सांगून टाकलं — ३१ तारखेला दुकान बंद करतेय. दातांच्या लॅबमध्ये नोकरी लागलीय, कवळ्या आणि टोप्या बनवायच्या, दोन नोव्हेंबरपासून. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ते म्हणाले, 'अजून वर्षभर बघू की,' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'तेवीस वर्षं तुमच्यासाठी बसले तिथे, बाबा. आता पुरे!' त्यांनी घास ताटात ठेवला. उठले. हात धुतले. तेव्हापासून तोंडाला कुलूप.

जे काही असेल ते आईमार्फत. 'तिला सांग, मागच्या दाराची कडी नीट लागत नाही.' मी समोर, हातभर अंतरावर! आई म्हणते, 'मी काय टपालखातं उघडलंय?'

६ ऑक्टोबर, मंगळवार

'दुकान बंद होणार' अशी पाटी लावली. चौघांनी वाचली. पाचव्यानं आत येऊन पेनाची रिफिल मागितली. तुकडे जोडून बनवायच्या छोट्या गाड्यांच्या, मॉडेलच्या दुकानात!

८ ऑक्टोबर, गुरुवार

माळा उपसायला घेतला. नाकात धूळ, हातावर खोक्यांचे ओरखडे. काम दोन तासांचं होतं, दिवस गेला. कारण एक खोकं उघडलं आणि तो वास आला.

नव्या प्लास्टिकचा वास. लोकांना वाटतं खोक्यात गाडी असते. गाडी नसतेच! असतात प्लास्टिकच्या चौकटी, त्यांना लटकलेले ऐंशी-नव्वद तुकडे, प्रत्येकाशेजारी बारीक आकडा. आरसा म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढा. लहानपणी बाबा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचे आणि म्हणायचे, 'चला, चिमटे!' मी चिमटे. कारण मसुरीएवढा आरसा चिमट्यात धरून, श्वास रोखून, डिंक सुकेपर्यंत न हलता बसायचं काम माझं. 'कापायचं. ओढायचं नाही. ओढलंस तर पांढरा डाग पडतो, तो जन्मात जात नाही.' नेलकटरनं कापायचे ते. आई नेलकटर शोधत घरभर फिरायची आणि शेवटी आमच्याकडे यायची.

किती सुखाचं होतं ते! टेबलाच्या एका बाजूला ते, एका बाजूला मी, आणि तासन्‌तास कुणी कुणाशी बोलत नसे. तेव्हाही बोलत नव्हतोच म्हणा. पण त्या गप्प बसण्यात आणि या गप्प बसण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१२ ऑक्टोबर, सोमवार

पाटी वाचून सीलबंदकाका आले. भूगोलाचे निवृत्त मास्तर, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. घरी तीनशेच्या वर किट आणि उघडलेलं एकही नाही! विकत घेताना खोकं कानाशी नेऊन हलवतात. आवाजावरून सांगतात, 'एक तुकडा चौकटीतून सुटलाय, दुसरं दे.' आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर असतात.

'उघडली की संपली गं,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आज मी विचारलं, 'आणि न उघडताच तुम्ही गेलात तर?'

'तर मी संपलो. ती नाही!'

मग जरा घुटमळले. शोकेसकडे बोट केलं. आकाशी रंगाची ती लांब नाकाची गाडी त्यांना हवीय. बांधलेली! जन्मात पहिल्यांदा. अडतीस वर्षं येता-जाता काचेबाहेर उभं राहून बघितलीय म्हणे. बाबांनी ती कधीच कुणाला दिली नाही. घरी आईला सांगितलं, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात. उत्तर फिरून आलं: 'देऊन टाक म्हणावं.'

१४ ऑक्टोबर, बुधवार

आज जे झालं ते लिहिताना अजून हसू येतंय.

काका आले. हात रुमालाला पुसले. मी काही म्हणायच्या आत स्वतःच शोकेसमध्ये वाकून गाडी उचलली आणि फिरवली. दुसरी बाजू कोरी! करडं प्लास्टिक. दाराला मूठ नाही, चाकाला चकती नाही, आतल्या सीटसुद्धा एकाच बाजूच्या रंगवलेल्या.

आमच्या घरातलं हे सगळ्यात जुनं गुपित. नवीन किट आलं की एक बांधून शोकेसमध्ये ठेवायचं, त्याशिवाय माल उठत नाही. बाबा एकटे, दुकान सांभाळून बांधणार कधी? मग फक्त काचेकडची बाजू पुरी करायची. 'गिऱ्हाईक काय आत शिरून पाठ बघणारेय?' शोकेसमधल्या एकोणीसच्या एकोणीस गाड्या अशाच. मला याचं इतकं अंगवळणी पडलं होतं की दोन दिवसांत काकांना आधी सांगावं, हे डोक्यातच आलं नाही!

काकांनी गाडी आणखी एकदा फिरवली. मग स्टुलावर बसले आणि हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. 'अडतीस वर्षं! मी हिच्यावर फिदा, आणि ही अर्धीच!'

जाताना म्हणाले, 'पुरी करून दे ना, पोरी.'

तेव्हाच ठरवलं. करेन. आणि आधी बाबांपुढे ठेवेन. दुसऱ्यानं बांधलेल्या गाडीत खोट न काढता गप्प बसेल असा बांधणारा अजून जन्माला यायचाय. ३१ च्या आत त्यांना बोलायला लावलं नाही, तर हे असंच राहील. एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. अबोला किती दिवस पुरवायचा?

१७ ऑक्टोबर, शनिवार

पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक पॉलिश पेपर, मग साबणाचं पाणी. जुन्या बाजूवर कागद चिकटवून ती झाकून टाकली. माळ्यावर त्याच किटचं एक फुटकं खोकं होतं, त्यातून दाराची मूठ, आरसा, चकत्या मिळाल्या. रंगासाठी बाबांची वही काढली. 'आकाशी — पांढरा सात थेंब, निळा तीन, हिरवा काडीच्या टोकाएवढा.' तंतोतंत तसा केला. फवारला. एकही ओघळ नाही!

१८ ऑक्टोबर, रविवार

गाढवपणा! शुद्ध गाढवपणा!

कागद सोलला. दोन बाजू, दोन रंग. जुनी बाजू अडतीस वर्षं उन्हात बसलेली, धुवून धुवून विटलेल्या चादरीसारखी झालीय. आणि मी वहीबरहुकूम नवाकोरा रंग चढवला! शेजारी ठेवून जुळवून बघायचं, हे नवशिक्यालाही कळतं. टपावर मधोमध रेघ दिसते.

रडायलाच आलं होतं. मग ती नवी बाजू खिडकीपाशी धरली आणि बघतच राहिले. हाच रंग! नऊ वर्षांची होते मी, बाबांनी वर्तमानपत्रावर ही गाडी ठेवून विचारलं होतं, 'कशी दिसते, चिमटे?' इतका लख्ख होता तो. मी विसरूनच गेले होते. रोज बघत होते ना, म्हणून विटताना दिसलाच नाही.

२० ऑक्टोबर, मंगळवार

आई म्हणते, 'सगळी घासून एकसारखी कर.' जमेल. पण मग बाबांची बाजू जाईल. नाही करणार.

२४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी चहाबरोबर गाडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी भिंग काढलं. दहा मिनिटं! जुनी बाजू, नवी बाजू, परत जुनी. टपावरच्या रेघेवरून नख फिरवलं. मग टेबलावर गाडी ढकलली. पुढचं चाक कुरकुरलं आणि अडकलं. आसात डिंकाचा थेंब उतरलाय, मला कळलंच नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मी श्वास रोखून!

आणि मान वळवून म्हणाले, 'अगं, तिला सांग, चाक अडकलंय.'

आई आंघोळीला गेली होती! स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. रिकाम्या ओट्याला निरोप दिला त्यांनी, पण मला नाही.

मी गाडी उचलून निघून आले. चाक सोडवलं. दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. आता मीही नाही बोलणार. त्यांचीच लेक आहे मी!

२७ ऑक्टोबर, मंगळवार

राग निवला की खरं लिहावंसं वाटतं.

चोविसाव्या वर्षी नकाशे काढायच्या कचेरीत माझी नेमणूक झाली होती, दुसऱ्या शहरात. त्याच महिन्यात बाबांच्या पाठीचं ऑपरेशन. म्हटलं, तीन महिने दुकान बघू. मग ते उठले, हिंडू-फिरू लागले, पण काउंटरमागे माझं स्टूल तसंच राहिलं. त्यांनी 'जा' म्हटलं नाही. मी 'जाते' म्हटलं नाही. त्यांचा जीव दुकानात, कसं बोलायचं?

पण रमले नाही असं कसं लिहू? रमलेच होते. म्हणून तर माझं ते वाक्य बाबांच्या जिव्हारी लागलं असणार. माफी मागायला हवी. जीभ रेटत नाही.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

काकांनी गाडी नेली. दोन रंग बघून कपाळाला हात लावतील वाटलं होतं. त्यांनी उन्हात धरून फिरवली. 'कपाटात कुठली बाजू पुढे ठेवू?' मग स्वतःच म्हणाले, 'आठवडाभर ही, आठवडाभर ती.' उरलेल्या अठरा गाड्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणल्या. बाबांनी एकेक उलगडून टेबलावर मांडल्या. एका ओळीत. सगळ्या कोऱ्या बाजू स्वतःकडे करून.

३१ ऑक्टोबर, शनिवार

बाबा आले दुकानात, न सांगता! मी शटर ओढत होते, त्यांनी दुसऱ्या बाजूनं हात लावला. कुलूप मी घातलं. घरापर्यंत शेजारी शेजारी चालत आलो. एक शब्द नाही.

१ नोव्हेंबर, रविवार

बोलले! चहाचा कप हातात, नजर कपात.

'माझ्या ऑपरेशनच्या वेळी दुकान विकायला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं मी. कंटाळलो होतो गं त्या खोक्यांना. मग तू येऊन बसलीस, हसायला-खेळायला लागलीस. म्हटलं, पोरीचा जीव रमलाय, कशाला मोडा? तुझ्यासाठी चालू ठेवलं.'

मी विचारलं, 'मग एवढा राग कशाचा धरलात, बाबा?'

'राग?' त्यांनी कप खाली ठेवला. 'तेवीस वर्षं घालवली मी तुझी. कुठल्या तोंडानं बोलणार होतो?'