बाबांच्या गाडीला दुसरं इंजिन

ती. ताईस,

वाकून नमस्कार (मनातल्या मनात, कंबर धरली आहे, कारण खाली येईलच). तुझा खोकला, भावजींचा गुडघा आणि तुम्हा दोघांचा अबोला, तिन्ही एव्हाना बरे झाले असतील. इकडे सगळे मजेत आहोत, बाबा सोडून.

त्याचं असं झालं. बाबांची जुनी गाडी शेडमध्ये धूळ खात होती. ती त्यांना एकदा तरी परत चालवायला मिळावी म्हणून मी रंग, सीटा, दिवे, सगळं नव्याने करून घेतलं. शेवटी मिस्त्रींनी इंजिन उघडलं आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांकडे बघतात तसं बघत म्हणाले, इंजिनाच्या ब्लॉकलाच तडा आहे, दुसरं इंजिन बसवा. नशिबाने अशीच एक गाडी मिळाली, मागून ठोकलेली, पण इंजिन शाबूत. बाबांना आधी सांगितलं असतं तर त्यांनी इंजिनाला हातच लावू दिला नसता, म्हणून ते दुपारी आडवे झाल्यावर उरकायचं ठरवलं. जुनं इंजिन साखळीने वर ओढलं आणि कप्पीच अडकली (ती सासऱ्यांकडून आणलेली होती, जास्त बोलत नाही). इंजिन धड वर ना खाली. ते झुलून नव्या रंगावर आपटू नये म्हणून मी त्याला मिठी मारून उभा, कंबर गेली ती तिथेच. तेवढ्यात बाबा आले. त्यांनी आधी इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला कुणी विचारलं?" एवढंच म्हणाले.

दुसरं इंजिन बसलं आणि पहिल्या किल्लीला सुरू झालं. इतकं शांत, की बंद पडलं समजून मी पुन्हा किल्ली फिरवली. बाबा काठी टेकून ऐकत राहिले. "ही आपली गाडी नाही," म्हणाले. "आपली कोपऱ्यावरून ओळखू यायची." खरं सांगतो, वाईट वाटलं. बंद करणार, तर आई चपला घालून आली आणि पुढे बसली. "लग्न झाल्यापासून दर चढाला मी धक्का द्यायला उतरतेय. आज बसून जाणार." टेकडीचा चढ आम्ही एका दमात चढलो. वर ती उतरून कडेला गेली. मग म्हणाली, इथून एवढं लांबवर दिसतं हे ठाऊकच नव्हतं (पूर्वी ती पोचायची ती धापा टाकत, आणि बाबांना परतायची घाई).

आलो तर बाबा जुनं इंजिन ब्रशने घासत बसले होते. म्हणे तडा बुजवता येतो. "चढाला त्रास दिला का?" त्यांनी हळूच विचारलं. आई म्हणाली, "चढ होता? कळलं नाही." तेव्हापासून घरात फारच शांतता आहे.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. तुमची मागची खोली रिकामीच असते ना? आईला ते इंजिन घरात नको आणि बाबा मोडीत देऊ देत नाहीत. रविवारी टेम्पोने पाठवतो आहे.

आणखी एक. बाबाही त्याच टेम्पोत आहेत. इंजिन सुरू होईपर्यंत तुझ्याकडेच राहीन म्हणतात. आईने बॅगेत तिन्ही ऋतूंचे कपडे भरले आहेत.