दोघांत एक पासवर्ड

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय मेहुणेबुवा,

वयाने मोठा म्हणून आशीर्वाद आणि तू मास्तर म्हणून नमस्कार. दोन्हीतलं हवं ते घे.

हाताने लिहिलेलं पाकीट बघून घाबरू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. इथे सगळं ठीक आहे. तुझी ताई ठीक, मी ठीक, शिलाई मशीन-पंख्यांचं दुकान ठीक. एकमेकांशी किती ठीक, ते पुढे येईलच.

तू रोज सकाळी घरच्या ग्रुपवर ‘आजची युक्ती’ टाकतोस. बाकीचे नुसता अंगठा दाखवून मोकळे होतात, मी मात्र प्रत्येक करून बघतो. पडद्यावरची अक्षरं मोठी करायची कळ कळल्यापासून चष्मा घरी राहिला तरी बिलं अडत नाहीत. चुकून बंद झालेलं पान परत उघडायची युक्ती तर मी बाजूच्या दुकानदारांना माझीच म्हणून शिकवली. सोफ्यात बुडालेला फोन कॉम्प्युटरवरून वाजवतो. एवढं शिकवलंस, आणि फी म्हणून आमच्याकडून एक पंखासुद्धा कधी घेतला नाहीस. तेव्हाच शंका यायला हवी होती.

मागे तू ती कॉपीची युक्ती टाकलीस. खिडकीच्या खुणेची कळ आणि V एकदम दाबली की शेवटचंच नाही, त्याआधी कॉपी केलेलंही सगळं ओळीने समोर येतं. खाली बारीक अक्षरांत तू लिहिलं होतंस, ‘फोनही जोडता येतो, म्हणजे इकडे कॉपी, तिकडे पेस्ट.’ मी जोडला.

दुसऱ्याच दिवशी कपड्यांच्या कारखान्याच्या बाईंना शिलाई मशीनच्या सर्व्हिसिंगचं पत्रक पाठवत होतो. मजकूर तुकड्यातुकड्याने कॉपी केला, पेस्ट केला, न वाचता पाठवून दिला. थोड्या वेळाने बाईंचा फोन. “अहो, वरची खोली मला पुरेल म्हणजे काय? मला मशीन साफ करून हव्यात. खोली कोणी मागितली?”

मी हसून वेळ मारून नेली. पत्रक उघडलं तर अटींच्या मधोमध हे वाक्य: ‘वरची खोली मला पुरेल. सामान फारसं नाही. ह्यांना आत्ता काही बोलू नकोस, तू बोललास तर ते तुझ्या आवाजावरूनच ओळखतील.’

आधी वाटलं, कोणीतरी कॉम्प्युटरमध्ये घुसलं. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने इकडे तिकडे टिचक्या मारल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “काका, बाहेरचं कोणी नाही. घरातलंच आहे. हा दुसरा फोन कोणाचा?”

दुसरा फोन तुझ्या ताईचा. मीच घेऊन दिलेला. तेव्हा तिला वेगळं खातं कशाला, म्हणून त्यात माझंच घातलं होतं; त्यामुळे तिने तिकडे कॉपी केलेलं इकडे येत होतं. दोघांत एक पासवर्ड, विसरायची भानगड नाही. मी ही गोष्ट काटकसर म्हणून लोकांना सांगत असे.

आता तुझ्याबद्दल. वरची खोली आपल्या माणसांत फक्त तुझ्याकडे. मी फुटपाथवर पेटी घेऊन मशीन दुरुस्त करायचो तेव्हापासून या कानांवर जगतोय. गिऱ्हाइकाला सांगतो, फोन मशीनजवळ धरा आणि पाय मारा. धागा शटलमध्ये अडकलाय की पट्टा सैल झालाय, ते इथून सांगतो. तर त्या संध्याकाळी मी तुला मुद्दाम फोन केला. प्रिंटरचं निमित्त होतं. तुझं पहिलं वाक्य नेहमी ‘ताई कशी आहे?’ असतं. त्या दिवशी तू शाईच्या डब्यांवर व्याख्यान दिलंस, पण ताईचं नाव नाही. बहिणीची खबर ज्याला आधीच मिळालेली असते, तोच विचारायचं विसरतो. वर मागून काहीतरी सरकवल्याचा आवाज. लाकडी, जड. मी विचारलं, “काय चाललंय रे?” तू म्हणालास, “मांजर.” पलंग सरकवणारं मांजर मला एकदा दाखव.

मग घरी पारख केली. जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “मेहुण्याकडे जाऊन येऊ या का चार दिवस?”

तिचा वाढता हात थांबला. “कशाला?”

“सहज.”

“तुम्ही सहज कधी काही केलंय?”

मी पाणी प्यायलो.

तुला वाटेल, भाऊजी ऊठसूट संशय घेतात. मी त्याला सोय म्हणतो. दारावरची कॅमेऱ्याची घंटा तूच सुचवलीस. दुकानात बसून कोण आलं ते दिसतं. तिच्यात माइकही आहे हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर मी तो बंद केला नाही. फोन कुठे आहे ते नकाशावर दाखवणारा ठिपकाही तुझ्याच युक्तीतला. बाईमाणूस एकटी बाहेर जाते, काळजी नको का? काळजीच होती. सुरुवातीला.

एकदा ती मैत्रिणीबरोबर तलावाकाठच्या बागेत बसली होती. ठिपका बराच वेळ हलेना, म्हणून मी फोन केला, “तिथे एवढा वेळ काय करतेयस?” ती म्हणाली, “तुमच्या कानांना सुट्टी नसते का हो?” मैत्रीण हसली, मीही हसलो. ती हसली नाही, हे मला नीट ऐकू आलं.

त्यानंतर ठिपका दुपारभर घरातच बसायला लागला. पण घंटेच्या माइकवर दार ओढून घेतल्याचा आवाज यायचा. म्हणजे फोन घरात आणि बाई बाहेर. माझं डोकं कुठे कुठे गेलं ते तुला लिहवत नाही, तू तिचा भाऊ आहेस. एका दुपारी शटर ओढलं आणि तिच्या मागे गेलो. रस्त्याच्या पलीकडून, पोस्टाच्या भिंतीआड उभा राहून, पन्नाशी उलटलेला माणूस.

ती त्याच बागेत गेली. बाकावर बसली. कोणी आलं नाही. तिने पुस्तक काढलं नाही, काही खाल्लं नाही. पाण्याकडे बघत नुसती बसली आणि वेळ झाल्यावर घरी आली. पकडण्यासारखं काही असतं तर मी भांडलो असतो, रे. काहीच नव्हतं, तेव्हा मात्र घाबरलो.

तरी त्या दिवशी दुकानात येऊन मी पुन्हा त्या दोन कळा दाबल्याच. सवय. नवीन ओळ आली होती. तुलाच पाठवलेली असणार, म्हणून तुला पाठ असेल: ‘मला त्यांचा राग नाही. कोणी ऐकत नसेल अशी एक खोली हवी आहे, एवढंच.’

मी ती यादी पुसून टाकली. पुसता येते, हे तू कधी सांगितलं नाहीस. शोधून काढलं.

काल त्या कॉम्प्युटरवाल्याला घरी नेलं आणि म्हटलं, हिचं वेगळं खातं कर. माझं तिच्या फोनमधून काढ, ठिपका काढ, घंटेचा माइक काढ. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “आता यात काय नवीन?”

“तुझं तुला. पासवर्ड तू घाल.”

“आणि तो तुम्हाला कुठे दिसणार?”

“कुठेच नाही.”

“मग कशाला करताय?”

तिचा माझ्यावर काडीचा विश्वास बसला नव्हता, आणि का बसावा? कॉम्प्युटरवाल्याने फोन तिच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. शहाणं पोर. मी स्वयंपाकघरात गेलो. पण तिच्या फोनच्या कळा टिकटिक वाजतात, आणि टिकटिक ऐकून अक्षरं किती ते मला न मोजताही कळतं. दोन कळा वाजल्या असतील नसतील, मी नळ पूर्ण सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी सोडून ठेवला. बाहेरून ती ओरडली, “अहो, पाणी!” तेव्हा बंद केला.

ती तुझ्याकडे येणार आहे की नाही, मला माहीत नाही. विचारलं नाही. आज सकाळी ती बाहेर गेलीय, फोन घेऊन. कुठे, ते मला कळायचा मार्ग नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक पावलाला मी मान वर करतोय, पण हे आपलं तुला सांगतो.

आली, तर तिला खोली दे. कशी आहे, जेवली का, काय म्हणाली, हे मला फोन करून सांगू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. मी विचारीन, तेव्हा पुन्हा शाईच्या डब्यांवर बोल.

राहिलं एक. मी तिचं वाचलं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. समोर बसून सांगायला तोंड उघडत नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. हे पत्र संपायच्या आत तू त्याचा फोटो काढून तिला पाठवणार. पाठव. आता तो माझ्या कॉम्प्युटरवर दिसणार नाही.

तुझा, अजून तरी,
भाऊजी