झाकणं पुसली त्याची हकीकत

तीर्थरूप मामा,

भाच्याचा लांबूनच नमस्कार. (जवळ असतो तर कान तुमच्या हाताला लागला असता.) गुडघा काय म्हणतो? मी खुशाल आहे. म्हणजे चार वाजेपर्यंत.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून बाईंनी मला त्यांच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायला ठेवलं. इथे बश्यांमध्ये मेंदूच्या पेशी वाढवतात. पेशीला तंतू फुटतो, तो शेजारणीपर्यंत पोचून सांधा जुळला की दोघींचं बोलणं सुरू. पण तंतूला डोळे कुठले? वाट दाखवायला रसायन लागतं. म्हणून बाई बशीच्या कडेला थेंब ठेवतात. एक थेंब 'ये' म्हणतो, दुसरा 'चालता हो'. (तुम्ही दोन्ही एका दमात म्हणता, तसं नाही.) बश्या बारा, सहा अशा, सहा तशा, आणि कुठली कोणती ते फक्त झाकणावर लिहिलेलं. आज उबेच्या कपाटात झाकणांवर वाफ धरलेली दिसली. माझे हात तुम्हाला ठाऊकच आहेत. बाराही काढली, लखलखीत पुसली, आणि मग बघतो तर सगळ्या बश्या एकसारख्या! कुठलं झाकण कुठल्या बशीचं, कोण सांगणार? अंदाजाने लावून टाकली. बाईंची तीन महिन्यांची मेहनत, मामा. चारला त्या फोटो काढणार, आत्ता पावणेचार. कोणी पाहिलेलं नाही. गप्प बसलो तर खापर त्या मुक्या पेशींवर फुटेल. बोललो तर नोकरी आणि तुमचा शब्द, दोन्ही पाण्यात. बाईंच्या चपला वाजल्या.

आपला, अजून तरी नोकरीत असलेला,
भाचा

ता.क. सांगून टाकलं. बाई ओरडल्या नाहीत, त्यानेच जास्त घाबरलो. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. एका बशीत तंतू थेंबाकडे धावलेले, दुसरीत पाठ फिरवून पळालेले! मी म्हटलं, "मग लागला की पत्ता! धावले ते 'ये'वाले." त्या म्हणाल्या, "अरे शहाण्या, तेच तर सिद्ध करायचं होतं. उत्तर बघून प्रश्न लिहू का मी?" बाराही बश्या टाकून दिल्या. माझं काय करायचं ते शनिवारी ठरेल.

ता.क. २. त्याआधी त्या तुम्हाला फोन करतील. (मीच केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.) पाया पडतो, माझं कौतुक करू नका. मागे शब्द टाकताना 'पोरगा न सांगता कशाला हात लावत नाही' म्हणालात, तिथेच घोळ झाला. एवढंच सांगा, हात वळवळे आहेत, पण केलेलं आपणहून कबूल करतो.

ता.क. ३. हे खोटं ठरू नये म्हणून: तुमचा रेडिओ मामीने पाडला नव्हता, मी उघडला होता. तिच्याशी आता बोलायला हरकत नाही.