मिटलेला डावा डोळा

प्रिय टिकटिके,

काल व्हिडिओ कॉलवर तू रडवेली झालीस आणि मी आपला घड्याळांविषयी बोलत बसलो. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोललेली नाही. संस्थेतून दत्तक आणलेली तुमची लेक अजून लांब लांब राहते, तिच्यात माझं काहीच नाही, ती माझी कधी होणार, असं तू विचारत होतीस. उत्तर माझ्याजवळ होतं, पण मी जीभ आवरली. का, ते सांगतो.

आमच्या लग्नानंतर आईचं बोट धरून तू या घरात आलीस तेव्हा तोंडातून ब्र काढत नव्हतीस. शाळा सुटली की घड्याळदुरुस्तीच्या दुकानात माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचीस. निदान घड्याळांएवढा तरी आवाज कर, म्हणून मी तुला टिकटिक म्हणू लागलो. बाहुली आणली, गोष्टी पाठ केल्या, माकडाच्या नकला केल्या. तू ढिम्म. मी मनातून पार खचलो होतो, हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही. एक मात्र झालं. तू टक लावून बघायचीस म्हणून गिऱ्हाइकांवर खेकसायची मला लाज वाटायला लागली, आणि गोड बोलायची जी सवय लागली ती आजतागायत सुटली नाही.

मग शाळेतून निरोप आला, मुलगी गणित सोडवताना एक डोळा मिटते, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरीणबाईंनी तुला उलटसुलट तपासलं, काही सापडेना. हे कधीपासून, असं त्यांनी मला विचारलं. मी आठवू लागलो. उजव्या डोळ्याला भिंग लावण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे विचार करायचा म्हटलं की डावा मिटतोच. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसल्या. म्हणाल्या, बापावर गेलीय, याला औषध नाही. मी त्यांची चूक सुधारली नाही. तूही नाही. रस्त्यात तू माझं बोट धरलंस, आणि मला इतका आनंद झाला की आपलं घर मागे टाकून मी पुढे चालत राहिलो.

काल तू डोळे पुसत होतीस तेव्हा तुझ्या पाठीमागे ती जमिनीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. गाठ काही जमेना. ती थांबली, विचारात पडली आणि तिने डावा डोळा मिटला. तेव्हाच बोललो असतो तर तू गर्रकन वळली असतीस आणि पोर बुजली असती. म्हणून हे पत्र. तिला यातलं काही सांगू नकोस. नुसती तिच्या शेजारी जाऊन बस.

तुझाच,
डॉक्टरीणबाईंनी ठरवलेला बाबा