मांजराची गादी

बाळ्या,
आपल्या घरी आलेलं मांजर न्यायला तुझा मित्र टोपली घेऊन आला होता. तुझ्या बाबांनीच त्याला परत पाठवलं. हात थरथरतात म्हणून आठ महिने मशीनला हात न लावणारा माणूस, आज सकाळी मांजरासाठी गादी शिवायला बसला. टाके वाकडे आलेत. मी बघितलं तर म्हणाले, "गिऱ्हाईक खुशाल झोपलंय, तू कशाला खोट काढतेस?"

देवानं माझं गाऱ्हाणं मांजराच्या पावलांनी येऊन ऐकलं रे.

आम्ही दोघं दोरा आणायला बाजारात चाललोय. शेजारणीनं "कुठं निघालात?" विचारलं, तिला तोऱ्यात सांगितलं, "आमचे शिंपी कामाला लागलेत."

दूध तापवून ठेवलंय. आधी मांजराला घाल, उरलं तर तुझा चहा.

आई